भाऊसाहेबांनी आणलेली पट्टी

वहिनींचा कॉम्प्युटर बिघडलेला नव्हता, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे काही घडलं त्यात सगळ्यांनी त्या कॉम्प्युटरला फार नावं ठेवली. शेजारच्या काकांनी ठेवली, आणि भाऊसाहेबांनी तर त्याला कृतघ्न म्हणण्यापर्यंत मजल मारली. पण त्या रविवारी सकाळी तो बिचारा ठणठणीत होता. बटण दाबलं की घुर्र करायचा, जरा विचारात पडायचा आणि चालू व्हायचा. जरा विचारात पडायचा, एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

हे विचारात पडणं वहिनींना खुपत नव्हतं. त्यांच्या नवऱ्याला, भाऊसाहेबांना, खुपत होतं.

वहिनी घरी बसून भरतकामाची डिझाइनं करायच्या. हाताने नव्हे, कॉम्प्युटरवर. शाळेच्या गणवेशाच्या खिशावरचा बिल्ला असो, हॉटेलच्या टॉवेलवरचं अक्षर असो, त्याचं चित्र त्यांच्याकडे यायचं. मग सुई कुठून सुरू होईल, धागा आडवा जाईल की तिरका, कुठे रंग बदलेल, हे सगळं टाका टाका करून त्या बसवायच्या आणि ती फाइल भरतकामाच्या कारखान्यात पाठवून द्यायच्या. तिथली यंत्रं मग त्याबरहुकूम खडखडत शेकडो बिल्ले काढायची. डिझाइन मोठं असलं की कॉम्प्युटर अडखळायचा. पडद्यावर एक वर्तुळ गोल गोल फिरत राहायचं. तेवढ्यात वहिनी चष्मा काढून डोळे मिटायच्या, बोटं मोडायच्या, खिडकीबाहेर बघायच्या.

"आता काय करतोय तो?" मागच्या सोफ्यावरून भाऊसाहेब विचारायचे.

"विचार करतोय."

"एवढा कसला विचार?"

वर्तुळ थांबलं की वहिनी चष्मा चढवून पुन्हा कामाला लागायच्या.

भाऊसाहेब सोफ्यावर का होते, तेही सांगायला हवं. वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत ते स्टोअर्सचे प्रमुख होते. कंपनीने त्यांची शाखाच बंद केली, तेव्हा ते प्रमुख राहिले आणि स्टोअर्स गेलं. इमारतीत मात्र त्यांनी 'साठलेली रजा घेतोय' असं सांगून ठेवलं होतं. माणसाची रजा साठून साठून किती साठेल, याचा हिशोब इमारतीतल्या प्रत्येकाने मनातल्या मनात करून पाहिला होता; पण तोंडावर कोणी बोललं नव्हतं. भाऊसाहेब रोज दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि वर्तमानपत्र घेऊन वहिनींच्या पाठीमागे बसायचे. घराची बाहेरची खोली एकच. टेबल खिडकीशी, सोफा भिंतीशी, आणि मधे दीड हाताचं अंतर. त्या दीड हातातून भाऊसाहेब वहिनींच्या कामावर देखरेख करायचे. देखरेख हा त्यांचा शब्द.

शाखा बंद झाली त्या दिवशी ऑफिसातले कॉम्प्युटर उघडून त्यांचे भाग वेगळे करत होते. ते बघणं भाऊसाहेबांच्या जिवावर आलं. हयात त्यांनी सुटे भाग जपण्यात घालवली होती. त्यांनी रीतसर विचारून रॅमची एक पट्टी मागून घेतली. रॅम म्हणजे कॉम्प्युटरला काम करताना हाताशी लागणारी मेमरी. मेमरी म्हणजे आठवण, तेव्हा आठवण म्हणून मेमरी नेण्यात गैर ते काय, असा एक विनोदही त्यांनी तेव्हा केला होता. कोणी हसलं नाही. त्या दिवशी तिथे कोणी कशालाच हसत नव्हतं. बोटभर रुंदीची ती हिरवी पट्टी रुमालात गुंडाळून त्यांनी घरी आणली, कपाटात ठेवली, आणि पुढे कितीतरी दिवस वहिनींच्या पाठीमागे बसून ते गोल फिरणारं वर्तुळ बघत राहिले.

त्या रविवारी वहिनी बहिणीकडे गेल्या. दार लागलं आणि भाऊसाहेबांनी कपाट उघडलं.

यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. संध्याकाळी बायको परत येईल, बटण दाबेल, कॉम्प्युटर एका झटक्यात सुरू होईल, ती चकित होऊन मागे वळून बघेल आणि आपण वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचं, "हो, जरा बघितलं मी." एवढंच दृश्य त्यांना हवं होतं. नोकरी गेल्यापासून त्यांच्याकडे कोणी चकित होऊन बघितलं नव्हतं.

सीपीयूचं झाकण निघालं. आत धुळीचं एक मऊ, राखाडी अंथरूण होतं. ते भाऊसाहेबांनी दाढीच्या ब्रशने झाडलं. जुनी पट्टी तिच्या जागी उभी होती आणि शेजारची खाच रिकामी होती. रिकामी खाच पाहून भाऊसाहेबांना भरून आलं. स्टोअर्समध्ये रिकामा कप्पा दिसला की त्यांना असंच व्हायचं. त्यांनी आपली पट्टी खाचेत बसवली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली, टक् आवाज आला. बटण दाबलं.

पीं. पीं. पीं.

पडदा काळा. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण पडद्यावर काही नाही. थोडं थांबून पुन्हा तीन शिट्ट्या.

त्यांनी नवी पट्टी काढली. कॉम्प्युटर सुरू झाला. जीव भांड्यात पडला. इथे थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण पट्टी खराब निघाली, हे कबूल करणं त्यांना जड गेलं. म्हणून जुनी काढून त्यांनी नुसती नवी लावून पाहिली. आणि कॉम्प्युटर सुरू झाला! म्हणजे नवी चांगली. जुनीही चांगली. मग दोघी लावल्या. पीं, पीं, पीं. जागा बदलून लावल्या. पीं, पीं, पीं. एकेकटी असली की दोघीही गुणाच्या, आणि एका घरात आल्या की तीन शिट्ट्या.

त्या शिट्ट्या भिंतीपलीकडे टेलिफोनवाल्या काकांना ऐकू गेल्या. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या घरातल्या आवाजांवर त्यांचं बारीक लक्ष असायचं.

"कुकर आहे की काय?" दारात उभं राहून त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटर आहे."

"वहिनी नाहीत?"

"नाहीत."

"मग बरोबर," असं म्हणून काका आत आले आणि चप्पल काढून उघड्या सीपीयूसमोर मांडी घालून बसले. सगळी हकिगत ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. "साधं आहे. खोडरबर आहे का घरात?"

खोडरबर मिळालं. पट्टीच्या सोनेरी दातांवरून काकांनी ते घासलं. दोन्ही पट्ट्यांचे दात असे चमकले की काकांना स्वतःच्या दातांची शरम वाटली आणि त्यांनी ती बोलूनही दाखवली. पट्ट्या बसवल्या. पीं, पीं, पीं.

"म्हणजे दुखणं खोल आहे," काका म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. निवृत्त माणसाला खोल दुखण्याइतका आनंद कशाचाच होत नाही. "हा मदरबोर्ड जुनं धरून बसलाय. त्याला जुनं सगळं विसरायला लावायला हवं. हा गोल सेल दिसतोय? हा काढायचा. सेल काढला की सगळं पुसलं जातं. मग दोन्ही पट्ट्यांना तो नव्याने ओळखेल."

"सगळं म्हणजे? हिचं काम?"

"छे! काम वेगळ्या ठिकाणी असतं. हे आपलं वरवरचं."

सेल काढला. चहा होईपर्यंत थांबायचं, असं काकांनी फर्मावलं. चहा झाला. सेल बसवला, दोन्ही पट्ट्या बसवल्या आणि दोघांनी श्वास रोखून बटण दाबलं.

पीं. पीं. पीं.

"राहू दे आता," भाऊसाहेब म्हणाले. नवी पट्टी काढून त्यांनी रुमालात ठेवली. जुनीवर कॉम्प्युटर सुरू झाला, काहीतरी इंग्रजीत विचारलं, काकांनी आत्मविश्वासाने एक बटण दाबलं आणि नेहमीचा पडदा आला. "निघालो होतो तिथे तरी सुखरूप पोचलो," असं म्हणून काका घरी गेले. झाकण लागलं. धूळ पुसली गेली. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक तारीख होती, तिकडे मात्र दोघांनीही पाहिलं नाही.

संध्याकाळी वहिनी आल्या. एका मोठ्या शाळेच्या बिल्ल्याचं काम अर्धं राहिलं होतं. बिल्ल्यावर सिंह होता, आणि सिंहाची आयाळ हा फार किचकट प्रकार असतो. अर्ध्या बाजूची आयाळ झाली होती, एक डोळा झाला होता. शाळा उघडायच्या आत बिल्ले हवे होते. वहिनी खुर्चीत बसल्या, चष्मा लावला, आणि पडद्याजवळ वाकून पुन्हा पुन्हा तेच वाचत राहिल्या.

"काय करतोय तो?" भाऊसाहेबांनी सोफ्यावरून विचारलं.

"परवान्याची मुदत अजून सुरू झालेली नाही, म्हणतोय."

"कसला परवाना?"

"भरतकामाच्या सॉफ्टवेअरचा." वहिनींनी पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग वळून नवऱ्याकडे पाहिलं. हेच ते मागे वळून बघणं, पण भाऊसाहेबांच्या मनातल्या दृश्याशी त्याचं काही साम्य नव्हतं. "काय केलंत?"

सेल काढल्यावर कॉम्प्युटरचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जाऊन बसलं होतं. कॉम्प्युटरच्या मते अजून वहिनींनी ते सॉफ्टवेअर विकत घ्यायचं होतं. भाऊसाहेब उठून जवळ आले, वाकून तारीख वाचली आणि क्षणभर तसेच वाकून राहिले. त्या तारखेला त्यांची नोकरी शाबूत होती.

"हे तर सोपं आहे," ते म्हणाले आणि वहिनी नको नको म्हणत असताना त्यांनी तारीख बदलून आजची केली. सॉफ्टवेअरने ते पाहिलं. कॉम्प्युटरच्या घड्याळात फेरफार आढळला असून परवाना गोठवण्यात आला आहे, असं त्याने लाल चौकटीत कळवलं. चौकटीच्या मागे एका डोळ्याचा सिंह होता. त्याला हात लावता येत नव्हता.

वहिनी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. भांडीसुद्धा आपटली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सॉफ्टवेअरवाल्या कंपनीला फोन करण्याची जबाबदारी भाऊसाहेबांनी आपणहून घेतली. आयुष्यभर त्यांनी पुरवठादारांना फोनवर ताळ्यावर आणलं होतं. खुर्ची ओढून, घसा साफ करून ते बसले. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एका मुलीचा आवाज आला.

"ग्राहक आपणच बोलताय का, सर?"

"ग्राहक माझी बायको आहे. मी तिचा नवरा."

"आपला ग्राहकाशी संबंध काय, सर?"

"आत्ताच सांगितलं की. नवरा!"

"नवरा असा पर्याय इथे नाहीये, सर. मालक, कर्मचारी किंवा तंत्रज्ञ. यातलं आपण काय आहात?"

भाऊसाहेबांनी मनात तिन्ही पर्याय लावून पाहिले. मालक ते नव्हते, हे उघड होतं. कर्मचारी ते आता कुणाचेच नव्हते.

"तंत्रज्ञ," ते म्हणाले.

"आपला नोंदणी क्रमांक?"

"तो... सध्या रजेवर आहे. म्हणजे मी. हे बघा, ते राहू दे. घड्याळ आपोआप मागे गेलंय, तेवढं नीट करून द्या."

"घड्याळ आपोआप मागे जात नाही, सर." मुलगी अदबीने बोलत होती, आणि अदबीने बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही हे भाऊसाहेबांना ठाऊक होतं, कारण ते स्वतः पुरवठादारांशी तसंच बोलायचे. "गैरवापराची शंका आल्यामुळे परवाना तपासणीला जाईल. आठवडा-दोन आठवडे लागतील. बाकीचं आम्ही ग्राहकाशीच बोलू शकतो."

वहिनींनी हात पुढे केला. भाऊसाहेबांनी फोन दिला.

"हो, मीच ग्राहक," वहिनी म्हणाल्या. "नाही, चोरीबिरी नाही. घरात कॉम्प्युटर उघडला गेला. सेल काढला गेला. तारीख बदलली गेली."

कर्ता गाळून वाक्य करायची सोय आपल्या भाषेत आहे, ती मुळात सभ्यतेपायीच केलेली असावी. पण उघडला गेला, काढला गेला, बदलली गेली, असे एकामागून एक तीन गेले आणि प्रत्येक गेल्याला भाऊसाहेब सोफ्यावर थोडे थोडे खचत गेले. नवऱ्याचं नाव घेतलं असतं, तर निदान त्या वाक्यांमध्ये ते असते तरी.

फोन ठेवला तोच वाजला. भरतकामाच्या कारखान्याच्या मालकीणबाई होत्या. त्यांचा आवाज यंत्रांच्या खडखडाटावरून बोलायची सवय असलेला, त्यामुळे खोलीभर ऐकू आला.

"वहिनी, सिंह कुठवर आला?"

"अडकलाय हो." वहिनींनी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं.

"अहो, यंत्रं उभी आहेत नि माणसं बसून आहेत! असं करा, तुम्ही इथेच या. आमचं डिझाइन करणारा गेला सोडून, त्याचा कॉम्प्युटर रिकामाच आहे. सॉफ्टवेअर आहे, सगळं आहे. सिंह पहिल्यापासून काढावा लागला तर काढा, पण या."

वहिनींनी साडी बदलली, चष्म्याचं घर आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली. कामासाठी घराबाहेर पडायची त्यांना सवय नव्हती. दारात त्या दोनदा परत फिरल्या, एकदा किल्लीसाठी आणि एकदा छत्रीसाठी.

"दुपारचं जेवण झाकून ठेवलंय," त्या म्हणाल्या. आणि गेल्या.

घरात भाऊसाहेब आणि कॉम्प्युटर असे दोघेच उरले. दुसऱ्या कुणी अशा वेळी कॉम्प्युटरकडे पाठ फिरवली असती. पण भाऊसाहेबांचं डोकं वेगळ्या दिशेने चालत होतं. परवाना हा त्यांच्या हातातला विषय नव्हता. पट्टी होती. दोन चांगल्या पट्ट्या एकत्र का चालत नाहीत, याचा छडा लागला तर निदान हे सगळं कशासाठी झालं ते तरी सांगता येईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी सीपीयूच्या वायरी काढल्या, तो समोरच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात न्यायला एका जुन्या पांढऱ्या चादरीत गुंडाळला आणि उचलला. कमरेत कळ आली. ठेवला. भिंतीवर थाप मारली. काका आले.

दोघांनी चादरीची दोन दोन टोकं धरून सीपीयू जिन्यावरून उतरवायला सुरुवात केली. लिफ्ट नेमकी बंद होती. ती अशाच प्रसंगी बंद असते. दुसऱ्या मजल्यावर भाजी घेऊन येणारी एक बाई भिंतीला चिकटून उभी राहिली, दोघांचे गंभीर चेहरे आणि मधली पांढरी चादर तिने पाहिली आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण हो?"

"वहिनींचा कॉम्प्युटर," काका म्हणाले.

"अरेरे," बाई म्हणाली, आणि ती हळहळ इतकी मनापासून होती की भाऊसाहेबांनी चादरीची टोकं जरा सावरून धरली.

पहिल्या मजल्यावर दोघं दम खायला थांबले. काकांनी चादरीची टोकं खाली सोडून हात झटकले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "मग, दुसरीकडे कुठे बघताय की नाही?"

"कुठे म्हणजे? दुकान समोरच आहे."

"नोकरीचं म्हणतोय मी."

भाऊसाहेब काकांकडे बघत राहिले. "मी रजेवर आहे," ते म्हणाले. ते वाक्य तोंडात इतकं रुळलं होतं की आपोआप बाहेर आलं.

"बरं," काका म्हणाले. "चला, उचला." आणि पुढच्या पायऱ्या उतरताना, मागे न बघता, ते म्हणाले, "सगळ्यांना माहीत आहे हो, भाऊसाहेब. पहिल्या महिन्यापासून. त्यात लाजायचं काय? सांभाळा, इथली पायरी फुटलीय."

फुटलेल्या पायरीवर भाऊसाहेबांचा पाय नेमका पडला, पण ते पडले नाहीत. तेवढं एक त्या दिवशी त्यांच्या बाजूने घडलं.

दुकानदार मोबाइलवर काहीतरी बघत जेवत होता. जेवण संपवून, हात पुसून त्याने सीपीयू उघडला, पट्ट्या लावल्या, शिट्ट्या ऐकल्या, काढल्या, एकेक लावून पाहिली. भाऊसाहेबांनी रविवारी जे जे केलं होतं तेच त्याने केलं. भाऊसाहेबांना जरा बरं वाटलं.

"पट्टी चांगली आहे तुमची," दुकानदार म्हणाला.

"मी म्हटलंच होतं. मग जुनी खराब?"

"तीपण चांगली आहे."

"म्हणजे मदरबोर्ड."

"मदरबोर्डला काय धाड भरलीय? चांगला आहे."

"मग दोष कुणाचा?"

"कुणाचाच नाही. ह्यांचं एकत्र जमत नाही, एवढंच. होतं असं."

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. स्टोअर्समध्ये आलेला भाग एक तर चांगला असायचा, नाहीतर नाकारलेला. चांगला असूनही नाकारलेला, असा कप्पाच तिथे नव्हता. "असं कसं होतं?" ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला होता. "सगळे चांगले आणि तरी चालत नाही? काहीतरी कारण असेल. कुणाची तरी चूक असेल. तुम्ही नीट बघा."

"अहो, मी रोज असे दहा बघतो," दुकानदार म्हणाला. "ह्याला ही पट्टी नको आहे. आता नको तर नको. का, ते विचारून काय उपयोग?"

शाखेच्या शेवटच्या दिवशी वरून आलेल्या साहेबानेही असंच सांगितलं होतं. तुमच्या कामात काहीएक दोष नाही, भाऊसाहेब, नव्या रचनेत फक्त ती जागा बसत नाही. तो साहेबही जेवून हात पुसूनच बोलायला बसला होता. भाऊसाहेबांनी तेव्हाही कारण विचारलं होतं, आणि तेव्हाही समोरच्याने घड्याळाकडे पाहिलं होतं. त्यांनी काउंटरवर दोन्ही हात टेकले. टेलिफोनवाल्या काकांनी एक स्टूल त्यांच्या मागे सरकवलं, आणि काका असूनही, त्यांनी सल्ला दिला नाही.

शेवटी दुकानदाराने एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या दोन नव्या पट्ट्या काढल्या. जुन्या दोन्ही त्याने ठेवून घेतल्या. नवा सेलही बसवला आणि आतली धूळ फुंकली. बटण दाबलं. शिट्टी नाही, विचारात पडणं नाही; पापणी लवायच्या आत पडदा उजळला.

"बघा," दुकानदार म्हणाला. "पळतोय की नाही?"

"पळतोय," भाऊसाहेब म्हणाले. ऑफिसातून आणलेली पट्टी काउंटरवर इतर पट्ट्यांच्या ढिगात पडली होती, आणि आता ती कुठली ते त्यांना ओळखता येत नव्हतं. रुमाल तेवढा त्यांनी परत खिशात घातला.

पुढचे दिवस भाऊसाहेबांनी तयारीत घालवले. टेबलाचा डगमगणारा पाय नीट केला. खुर्चीला उशी बांधली. वायरी एकत्र करून अशा बांधल्या की पाहणाऱ्याला आत वायरी आहेत हेच कळू नये. वहिनी रोज सकाळी कारखान्यात जायच्या आणि संध्याकाळी यायच्या. सिंह पूर्ण झाला. बिल्ले वेळेवर गेले. सिंहापाठोपाठ कुठल्याशा हॉस्पिटलच्या गाऊनवरची अक्षरं आली, मग आणखी काही. वहिनींच्या साडीला रंगीत धाग्यांचे बारीक तुकडे चिकटलेले असायचे. जेवताना त्या तिथल्या गोष्टी सांगायच्या. यंत्रावरच्या एका बाईला काहीच ऐकू येत नाही आणि तरी धागा तुटलेला तिलाच आधी कसा कळतो. मालकीणबाई चिडल्या की स्वतःच्याच नावाने कशा ओरडतात. सांगताना त्या हसायच्या. भाऊसाहेब मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, परवाना सुटू दे एकदा.

परवाना सुटला. वहिनींच्या नावाने तसा निरोप आला. त्या संध्याकाळी भाऊसाहेबांनी कॉम्प्युटर चालू करून ठेवला, बंद केला, पुन्हा चालू केला. वहिनी आल्या, पिशवी ठेवली, पाणी प्यायल्या.

"हे बघ," भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून बटण दाबलं. पडदा पापणी लवायच्या आत उजळला. "केवढंही मोठं डिझाइन टाक आता. वर्तुळ फिरणारच नाही. उद्यापासून घरीच बस. जायची-यायची दगदग नको."

वहिनी उभ्या राहून पडद्याकडे बघत होत्या. उशी बांधलेली खुर्ची रिकामी होती, पण त्या बसल्या नाहीत.

"छान झालाय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "मालकीणबाईंनी कायमचं विचारलंय. मी हो म्हटलं."

"अगं, पण हा आता चालतोय!"

"चालतोय ना. बघितलं मी."

"मग?"

वहिनींनी साडीवरचा एक लाल धागा काढला आणि बोटाला गुंडाळत राहिल्या. "रागावू नका. पण इथे मी दिवसभर पाठ आखडून बसायची. तुम्ही मागे असायचात. वाईट काही बोलायचा नाहीत, पण असायचात. कॉम्प्युटर अडकला ना, की तेवढा वेळ मला हात सोडून बसता यायचं, कारण तेव्हा तुम्ही त्याच्याकडे बघायचात." धागा सुटला, तो त्यांनी पुन्हा गुंडाळला. "तिथे माझ्या मागे भिंत आहे."

बाहेर कोणाच्या तरी घरातला टीव्ही मोठ्याने लागला आणि लगेच बारीक झाला. भाऊसाहेब सोफ्यावर बसायला गेले आणि बसता बसता थांबले. आता सोफ्यावर बसणंही अवघड होऊन बसलं होतं. ते खोलीच्या मधोमध, टेबल आणि सोफा यांच्यामधल्या त्या दीड हातात उभे राहिले. बोलायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं. खुर्चीला बांधलेली उशी होती, टेबलाचा पाय होता, दुकानदार होता, जिन्यातली बाई होती.

"मग मी काय करू गं दिवसभर?" ते म्हणाले.

नोकरी गेल्यापासून त्यांनी हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, नीट केलेली दाढी, आणि मधोमध उभं राहून लोंबकळत असलेले दोन हात.

"माहीत नाही हो," त्या म्हणाल्या. खोटं सांगावं असं त्यांच्या मनात आलं असेल, पण त्यांनी सांगितलं नाही. "खरंच माहीत नाही. पण उद्या माझ्याबरोबर खाली उतरा. कुठे जायचं ते मला विचारू नका. कुठेही जा, पण घराबाहेर पडा. आणि कुठे काही दिसलं तरी..."

"तरी काय?"

"उघडून बघू नका."

वहिनींना हसू आलं. भाऊसाहेबांना आलं नाही. पण त्यांनी खुर्चीला बांधलेली उशी सोडून काढली आणि जेवायला घेतलं.

सकाळी दोघं बरोबर निघाले. भाऊसाहेबांच्या बुटांना आता पायांची सवय राहिली नव्हती, त्यामुळे ते जिना हळू उतरले आणि वहिनी त्यांच्यासाठी थांबत थांबत उतरल्या. रस्त्याच्या कोपऱ्यावर कारखान्याकडे जायचा रस्ता डावीकडे वळतो. तिथे वहिनी म्हणाल्या, "येते," आणि पिशवी खांद्यावर सरकवून भराभर चालू लागल्या. ताठ पाठीने, मागे वळून न बघता.

भाऊसाहेब कोपऱ्यावर उभे राहिले. दुकानं उघडत होती, माणसं कामाला जात होती, आणि प्रत्येक जण कुठे चाललाय ते त्याच्या चालण्यावरून कळत होतं. एकाने भाऊसाहेबांना वाट विचारली. ती त्यांना माहीत नव्हती, आणि तसं त्यांनी सरळ सांगून टाकलं. तो माणूस "बरं" म्हणून दुसऱ्याला विचारायला गेला. मग भाऊसाहेबांनी बुटाची नाडी सोडून जरा सैल बांधली, आणि ते उजवीकडे निघाले.